निळ्या तारेचा निरोप

लोखंडाला कान लावून बसलेला माणूस कोसाराने त्याआधी कधी पाहिला नव्हता.

रविवारची सकाळ होती. सर्बियातल्या निश शहराच्या जुन्या बाजारात भुरभुर पाऊस चालला होता. भिजवणारा नाही, नुसता लाडात आलेला. विकणाऱ्यांनी आपापल्या मालावर प्लास्टिक ओढलं होतं. त्याखाली गंजके नळ, कुणाच्या तरी मेलेल्या सासूची चिनीमातीची भांडी आणि पोट फाडून ठेवलेले रेडिओ. अशा एका रेडिओवाल्यापुढे उकिडवा बसून एक उंच, सडपातळ तरुण जुना ट्रान्सफॉर्मर दोन्ही हातांनी कानाशी धरत होता. मग त्याने बोटाच्या पेराने त्यावर टकटक केली. पुन्हा कान लावला. जसं काही आतून कुणी विचारणारच होतं, कोण आहे म्हणून!

कोसाराला हसू आवरेना.

"आत कुणी राहत नाही," ती म्हणाली.

त्याने वर पाहिलं. पापण्यांवर पावसाचे थेंब अडकलेले, आणि डोळे असे की ढगाळ दिवशी नदीत वाकून बघावं... पोरीचं काळीज अशा वेळी हलायचं तर आईला विचारून हलत नाही. हललं.

"राहत नसेल," तो म्हणाला, "पण घर पक्कं आहे. पत्रे सैल नाहीत. सैल असले की वेगळा आवाज येतो."

"वाजवायला घेताय? मग घंटा घ्या. तिकडे शेळ्यांच्या गळ्यातल्या आहेत, स्वस्तात."

"गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर बनवतोय. घरच्या घरी. व्हॉल्व्हचा, म्हणजे आत तार तापते त्या काचेच्या नळ्यांचा." तो जरा लाजला. "पेटी झाली, बाकीचं जोडून झालं. आता वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर गाडी अडलीय."

"व्हॉल्व्ह किती?"

"दोन थोराड, दोन लहान."

"मग हा खाली ठेवा."

"का? किती सुंदर आहे."

"सुंदर आहे म्हणून घेणार? मुलगी बघायला आलात की ट्रान्सफॉर्मर?"

तो हातातलं लोखंड हळूच खाली ठेवत म्हणाला, "आलो होतो ट्रान्सफॉर्मरच बघायला..."

कोसाराची जीभ आईकडून आलेली, तासून धार लावलेली. पण त्या वेळी ती टाळूला चिकटून बसली. रेडिओवाला म्हातारा मात्र खेकसला, "काय गं कोसारा, तुझ्या आईचं वाइंडिंगचं दुकान आहे म्हणून भरबाजारात माझं गिऱ्हाईक पळवतेस?"

"पळवत नाही काका, वाचवतेय. रेडिओत थोराड व्हॉल्व्ह एकच असतो. हे बिचारं एकाला पोसणारं लोखंड. हे साहेब त्याला दोन पोसायला लावणार. दुसऱ्या गाण्याला त्याच्यावर अंडं तळून निघेल."

"मला अंडी आवडतात," तो तरुण म्हणाला.

अशी ओळख झाली. त्याचं नाव लोरांत. वर उत्तरेला, तिसा नदीच्या काठी सेन्ता गाव आहे, तिथला. हंगेरियन बोलणाऱ्या घरातला. इथल्या संगीतशाळेत पियानो खूप, आणि सगळे बेसूर. ते सुरात लावायला त्याला बोलावलं होतं. नोव्हेंबर लागला की काम संपणार, आणि तो परत जाणार. हे त्याने पहिल्याच दिवशी, चालता चालता सांगून टाकलं. कोसाराने ऐकलं, आणि दुसऱ्या कानाने सोडून दिलं. पुढे तेच तिला सगळ्यात जास्त आठवणार होतं, पण माणसाला आधी कुठे कळतं!

*

स्तामेना, म्हणजे कोसाराची आई, तरुणपणी शहरातल्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात होती. कारखाना बसला तशी ती घरी येऊन बसली नाही. अंगणातल्या खोलीत तार गुंडाळायचं, हाताने फिरवायचं वाइंडिंगचं यंत्र मांडलं, आणि नवरा वारल्यावर त्याच यंत्रावर पोरगी मोठी केली. तोंडाने फटकळ, मानी बाई. तिच्या दुकानात गिऱ्हाईक आधी शिव्या खायचं आणि मग माल घेऊन जायचं, आणि पुन्हा यायचं.

"किती वीज हवी?" कोसाराबरोबर दुकानात आलेल्या लोरांतला तिने विचारलं.

"तेच ठरत नाही, मावशी."

"ठरत नाही? मग आलास कशाला? दुकानात येऊन 'भूक किती आहे ते ठरत नाही' म्हणणारा पहिलाच पाहिला!" तिने चष्मा कपाळावर चढवला. "ऐक. प्रत्येक व्हॉल्व्हला दोन भुका असतात. पोटातली तार लाल व्हायला थोडीशी, मऊ वीज लागते. ती झाली ऊब. आणि मग काम करायला लागते ती उंच, ताठ वीज, हात लावलास तर आडवा करणारी. ट्रान्सफॉर्मर दोन्ही देतो. त्यासाठी बटणं दोन ठेव. आधी ऊब, मग वीज. घाई केलीस तर व्हॉल्व्ह लवकर मरतो."

"आधी ऊब, मग वीज," त्याने धडा म्हणावा तसं म्हटलं.

"माणसांचंही तेच आहे. पण माणसं ऐकतात कुठे." असं म्हणताना ती त्याच्याकडे नाही, लेकीकडे बघत होती.

निवड सोपी होती खरं तर. कुणीही शहाणा माणूस अर्ध्या तासात करून गेला असता. लोरांत शनिवारमागून शनिवार करत राहिला.

पहिल्या शनिवारी बाहेरून आणलेला तयार ट्रान्सफॉर्मर बघितला, गोल, कड्यासारखा. "हा अगदी मुका आहे," लोरांत कान लावून खूश झाला. "मला मुकाच हवा. दिवसभर पियानोंचं रडगाणं ऐकतो, घरी गुणगुण नको." घेऊनच टाकला असता. कोसारा घाईघाईने म्हणाली, "पण हा चालू होताना असा घोट घेतो की घरातले दिवे डोळे मिटतात! घरमालकीण ओरडेल." घरमालकीण बहिरी आणि आंधळी आहे हे तो सांगू शकला असता. नाही सांगितलं. "हो, ते एक आहेच," म्हणाला आणि ठेवून दिला.

पुढल्या शनिवारी जुन्या टीव्हीतला काढून पाहिला. "घोडागाडीला रेल्वेचं इंजिन," कोसारा म्हणाली. त्याच्या पुढल्या शनिवारी ठरलं की नवाच गुंडाळायचा. मग तो किती व्होल्टचा, यावर घोळ.

"अडीचशे घ्या," ती म्हणायची. "आवाज मऊ येईल. जरा जोरात तार छेडली की गळा भरून आल्यासारखा येईल."

"पण पावणेतीनशे घेतले तर?"

"तर स्वच्छ. लांबवर जाईल. वाजवणार कुठे?"

"खोलीत."

"कुणासाठी?"

त्याने टेबलावरची तांब्याची तार बोटाला गुंडाळली. सोडवली. पुन्हा गुंडाळली. "...ते अजून ठरलं नाही."

"मग अडीचशे की पावणेतीनशे हे कसं ठरणार?"

"म्हणूनच तर पुढल्या शनिवारी पुन्हा येतो."

स्तामेनाला घोडं कुठे पेंड खातंय ते पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. "एका ट्रान्सफॉर्मरला एवढे दिवस!" ती मोठ्याने भिंतीला सांगायची. "एवढ्यात लोकांची लग्नं होऊन पोरं रांगायला लागतात." आणि तरी शनिवारी दुपारी ती कॉफीचं भांडं मोठं ठेवायची.

*

ऑक्टोबरचा तो शनिवार कोसारा जन्मात विसरणार नाही.

हिवाळ्याच्या बेगमीचे दिवस. गल्लीतल्या प्रत्येक अंगणात लाल मिरच्यांचे ढीग, वीतभर लांब, मांसल, आणि चुलाणावर त्या भाजल्याचा गोड धूर. सगळं निश त्या वासाने गुंगीत असल्यासारखं. लोरांत फाटकातून आत आला तशी स्तामेना म्हणाली, "बरा आलास. बस. सोल."

"मी... व्होल्टचं विचारायला आलो होतो."

"तुझे व्होल्ट पळून नाही जात. मिरच्या गार होतात."

बसला बिचारा. भाजलेल्या मिरचीचं काळं साल काढायचं म्हणजे बोटं पोळतात, आणि ज्याला सवय नाही तो अर्धी मिरचीच सालाबरोबर फेकतो. लोरांतने तसं केलं नाही. पियानोच्या तारा जपणारी बोटं ती. एकेक साल असं अलगद उचलत होता की जणू झोपलेल्या बाळाच्या अंगावरून दुपटं काढतोय. कोसारा बघत राहिली. तिच्या हातातली मिरची केव्हाच सोलून झाली होती, तिला पत्ता नाही.

"तुमचं अंगण गातं," तो एकदम म्हणाला.

"काय?"

"ऐका ना."

तिने ऐकलं. कोंबडी. शेजारचा रेडिओ. धूर... "काही नाही. शांत आहे."

"शांत नाही. खोलीतल्या फळीवर तुमचे ट्रान्सफॉर्मर चालू करून ठेवलेत ना, तपासायला? त्यांचा हुंकार. ऐका — म्म्म्म..." त्याने डोळे मिटून तोच सूर धरला. "पियानोवरचा 'जी' सूर. पण जरासा चढा. पियानोवर हा सूर नाहीच, दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत राहतो."

कोसारा थबकली. आणि मग तिला ऐकू आलं. खालून, जमिनीतून आल्यासारखं, सतत. पाळण्यात असल्यापासून तो आवाज तिच्या भोवती होता. शाळेतून घरी येताना, बाप गेला त्या दिवशी, पावसात, बर्फात... ती आजवर त्यालाच शांतता समजत आली होती.

"मला वाटायचं... कुठलाच आवाज नसला की असंच ऐकू येतं," ती हळू म्हणाली.

तो हसला नाही. तिच्या गालावर मिरचीचं काळं साल चिकटलं होतं. हात उचलला, अर्ध्यात थांबला, आणि आपल्याच गालावर बोट टेकवून म्हणाला, "इथे... तुझ्या इथे काहीतरी आहे."

पहिल्यांदाच 'तू' आलं तोंडून. दोघांनीही ऐकलं, आणि दोघंही मिरच्यांवर अशी तुटून पडली की स्तामेना आतून ओरडली, "अरे, सावकाश! लोणी नाही काढायचंय त्यांचं!"

*

शेवटी निवाडा स्तामेनानेच केला. "अडीचशे. बस्स. कोसारा, सोमवारपासून गुंडाळ. नाहीतर मी मेल्यावर माझ्या तिरडीपुढे तुम्ही दोघं व्होल्ट मोजत बसाल."

कोसाराने गुंडाळला. थरावर थर, मध्ये कागद, पुन्हा थर. तार बोटांतून सरकत होती, केसासारखी बारीक. एरवी असा माल ती दोन दिवसांत हातावेगळा करायची. या वेळी यंत्र तिच्या हातात चालेना. गुंडाळलं की वाटायचं, हा थर सैल आला. उलगडायची. तिला ठाऊक होतं, हा पुरा झाला की त्याचं इथलं काम पुरं झालं. आणि तरी वाईट काम तिच्या हातून होईना. रक्तातच नव्हतं. गाभ्याचे लोखंडी पत्रे तिने असे आवळले, वार्निश असं दोनदा पाजलं, की हुंकाराचा टिपूसही निघू नये. त्याला मुका हवा होता ना? मुका केला.

नोव्हेंबर लागला. तो शेवटचा शनिवार. लोरांत आला तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशातून बसच्या तिकिटाचं टोक डोकावत होतं, पुढच्या रविवार सकाळचं. तिने पाहिलं. त्याने खिसा झाकला.

"झाला," तिने ट्रान्सफॉर्मर त्याच्यापुढे ठेवला. "नीट ऐक. घरातल्या विजेला जोडायच्या तारा तीन आहेत. पांढरी कायमची. बाकी दोन्हींतली एकच घ्यायची. पिवळी दोनशे वीसची, निळी दोनशे चाळीसची. तुझ्या गल्लीत वीज चढी असते, म्हणून निळी. पिवळी नाही. पिवळी लावलीस तर सगळंच चढेल आणि व्हॉल्व्ह लवकर थकतील. निळी."

"निळी."

"हं. निळी." तिला आणखी काहीतरी बोलायचं होतं. "...पिवळी नाही."

"निळी," तो म्हणाला. त्यालाही काहीतरी बोलायचं होतं.

मग त्याने विचारलं, "पुढल्या शनिवारी... येऊ का? जाण्याआधी? दुकान चालू असेल ना?"

"पुढल्या शनिवारी दुकान बंद," कोसारा म्हणाली. "मित्रोव्दान आहे. आमची स्लावा."

इथे थांबली. थांबायलाच हवं होतं. स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस, कोसाराकडे तो मित्रोव्दानला असतो. त्या दिवशी मेणबत्ती लागते, दार सताड उघडं राहतं, ज्याला यायचं तो येतो. आणि स्लावाला बोलावत नसतात. तिच्या घरात आजवर कुणाला बोलावलं नव्हतं. 'आमची स्लावा आहे' एवढं ऐकलं की इथला माणूस समजतो. कोसाराने आपल्या परीने दार सताड उघडलं होतं.

लोरांतने एवढंच ऐकलं, की दुकान बंद.

"अच्छा," तो म्हणाला. ट्रान्सफॉर्मर छातीशी धरला, तान्हं मूल धरावं तसा. "मग... बरं आहे."

फाटकापाशी एकदा वळला. पावसात त्याचे केस कपाळाला चिकटले होते. मग गेला.

*

मित्रोव्दान उजाडला. स्तामेनाने मेणबत्ती लावली. पाद्री येऊन वेणी घातलेला पाव कापून गेला. दारात अक्रोड घातलेल्या गोड शिजवलेल्या गव्हाचा वाडगा. येणाऱ्याने छातीवर क्रूसाची खूण करावी, एक चमचा घ्यावा आणि आत यावं. माणसं येत होती. रेडिओवाला म्हातारासुद्धा आला, स्वच्छ सदरा घालून. "दीर्घायुष्य, सुखाची स्लावा!" हसणं, ग्लासांची किणकिण, कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या मांसाची वाफ...

कोसारा प्रत्येक पावलाला मान उचलायची. प्रत्येक वेळी दुसराच कुणी.

"मित्रोव्दान म्हणजे तुर्कांशी लढणाऱ्या जुन्या बंडखोरांच्या ताटातुटीचा दिवस," रेडिओवाला राकिया दारूच्या दुसऱ्या ग्लासाला सांगू लागला. "वसंतात रानात जमायचे, आणि आज हिवाळ्यापुढे एकेक करून पांगायचे—"

"काका, जेवा," कोसारा म्हणाली. असं म्हणाली की म्हातारा निमूट जेवला.

दुपार कलली. मेणबत्ती निम्म्याच्या खाली आली. ती विझवली की दिवस संपला. आणि उद्या सकाळी बस. ताटं आत नेता नेता कोसारा स्वयंपाकघरात उभी राहिली ती उभीच राहिली. नळाचं पाणी वाहत होतं.

स्तामेना मागे येऊन उभी होती.

"त्या हंगेरियनाला निळ्या तारेचं सांगितलंस का?"

"सांगितलं," कोसारा न वळता म्हणाली.

"मला नाही आठवत सांगितलेलं."

"तीनदा सांगितलं आई. तू तिथेच होतीस."

"मी म्हातारी झाले, मला ऐकू येत नाही." स्तामेनाने नळ बंद केला. "आणि पिवळी लावली म्हणजे? माझ्या दुकानचा माल! स्लावाच्या दिवशी कुणाचे व्हॉल्व्ह मेले तर संत मला काय म्हणेल?"

कोसारा वळली. आईच्या चेहऱ्यावर रेष हलत नव्हती.

"आई... आपण कुणाला बोलावत नाही."

"बोलावतंय कोण? माझ्या सात पिढ्यांत कुणी बोलावलं नाही, मी बोलावेन? तारेचा निरोप द्यायला पाठवतेय. निरोप दे आणि ये." एवढं बोलून तिने खुंटीवरचा कोट काढून लेकीच्या अंगावर फेकला. "मेणबत्ती थांबणार नाही कुणासाठी. पळ!"

ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या पुष्कळ असतात. दुसऱ्याचं भांडं लपवणारी ही एकच.

*

लोरांतची खोली निशावा नदीपाशी, चांभाराच्या दुकानावर. जिना चढून कोसारा दारापाशी आली तेव्हा तिला धाप लागली होती. दार ढकललं.

खोलीत दिवा नव्हता. कोपऱ्यात बांधलेली बॅग. खिडकीखाली लाकडी पेटी, आणि तिच्या जाळीमागे चार काचा... आत निखाऱ्याएवढ्या लाल, ऊब देत शांत बसलेल्या. त्यांच्यापुढे जमिनीवर लोरांत, मांडीवर गिटार.

"निळी!" कोसारा दारातूनच म्हणाली. "निळी तार. पिवळी नाही."

तो उठला. "निळीच लावलीय. तू तीनदा सांगितलं होतंस."

"हो... पण आईला वाटलं..."

बाहेर नदीवर पाऊस वाजत होता.

"चालू आहे?" तिने पेटीकडे बोट केलं.

"पहिलंच बटण. ऊब दिलीय. सकाळपासून दुसरं दाबवत नाहीये." त्याने मान खाली घातली. "एकट्याने ऐकायचं नव्हतं. कुणासाठी ते ठरलं होतं ना... मनात."

"मग आला का नाहीस?" तिचा आवाज चढला. आता तिची जीभ परत आली होती, आईची धार घेऊन. "सकाळपासून वाट बघतेय! सगळं निश येऊन जेवून गेलं. तो रेडिओवाला दोनदा जेवला! तू कुठे होतास?"

"कसा येऊ? तुम्ही बोलावलं कुठे?"

"बोलावत नसतात!"

"आमच्याकडे न बोलावता सणाला जाणं म्हणजे निर्लज्जपणा!"

"आणि आमच्याकडे बोलावणं म्हणजे अपमान! आपल्या माणसाला कधी बोलावतात का?"

बोलून गेली. आणि मग काय बोललो ते तिच्या कानांना कळलं. कान लाल झाले, त्या चार काचांसारखे.

लोरांत अगदी हळू म्हणाला, "आपला... मी कधी झालो?"

"...मिरच्या सोलल्यास ना. तेव्हा."

त्याने खाली वाकून दुसरं बटण दाबलं. कोसाराच्या कानाला सवय होती, ती हुंकाराची वाट बघत राहिली. आला नाही. काहीच नाही. पेटी श्वास रोखून उभी होती.

"इतका गप्प ट्रान्सफॉर्मर मी आयुष्यात ऐकला नाही," तो म्हणाला. "जसा मागितला तसा दिलास. आणि रात्रभर मला करमेना. म्हणून..." त्याने जाड तार छेडली.

म्म्म्म्म...

मऊ, गळा भरून आलेला सूर. जी. पण जरासा चढा. दोन पट्ट्यांच्या फटीत राहणारा.

"सगळी गिटार त्या सुराला लावलीय," लोरांत म्हणाला. "तुमच्या अंगणाच्या. आता कुठल्याच पियानोबरोबर ती जमणार नाही. मला, म्हणजे पियानो लावणाऱ्या माणसाला, लोक वेडा म्हणतील."

कोसाराच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हसूही आलं. तिने पुढे होऊन त्याची बोटं धरली. मिरच्यांनी पोळलेल्या बोटांवरचे डाग अजून गेले नव्हते. "म्हणू देत," ती म्हणाली. काचा लाल होत्या, खोली उबदार होती, आणि बाकीचं तुमचं तुम्ही समजा.

पहिली आठवण तिलाच झाली. "मेणबत्ती!"

आणि दोघं पळत सुटली. पावसातून, धुरातून, नदीकाठाने. पुलावर तिने धापा टाकत विचारलं, "आणि उद्याची बस?"

"थंडी पडली. शाळेत शेगड्या पेटणार," तोही धापा टाकत होता. "शेगड्या पेटल्या की लाकूड सुकतं, पियानो पुन्हा बिघडतात. सगळेच्या सगळे! मला थांबावंच लागेल."

"हे तुला आज कळलं?"

"कळलं होतं आधीच. थांबायला कुणी सांगत नव्हतं."

दारात स्तामेना उभी होती, गव्हाचा वाडगा हातात घेऊन. आत मेणबत्तीचं बोटभर टोक जळत होतं.

"निरोप देऊन यायला एवढा वेळ?" ती लेकीला म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. वरून खालपर्यंत बघितलं, चिखलाच्या बुटांसकट. "आणि तू. उशीर केलास."

"मला कुणी बोलावलं नाही, मावशी," लोरांत हसत म्हणाला.

"बोलावतात परक्याला," स्तामेना म्हणाली. "चमचा घे."

त्याने चमचा घेतला. गोड गहू तोंडात घातला आणि उंबऱ्यावर क्षणभर थांबला. डोळे मिटून. कोसाराला कळलं, तो काय ऐकतोय. बंद दुकानातला एक ट्रान्सफॉर्मर आईने सणाच्या दिवशीही चालू ठेवला होता. का, ते तिला कधी कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं.

पुढल्या वर्षी मित्रोव्दान आला. लोरांतला त्याही वर्षी कुणी बोलावलं नाही. तो दारातच उभा होता, नवा सदरा घालून, येणाऱ्या पाहुण्यांपुढे गव्हाचा वाडगा धरत.